सुईमागचं कारण

जिल्ह्याच्या कुठल्याही स्त्री रुग्णालयात सकाळी नऊच्या सुमारास गरोदर मातांच्या तपासणीची रांग लागते. सिस्टरच्या टेबलावर बीपीचं यंत्र, एक जाडजूड नोंदवही आणि माता-बाल संरक्षण कार्डांचा गठ्ठा. बाई समोरच्या स्टुलावर बसते, मागे सासू नाहीतर आई उभी. "कितवी खेप?" "चौथी." "मुलं किती?" यावर बाई काही बोलत नाही, मागून उत्तर येतं, "एकही नाही. पोटच टिकत नाही हिचं." केसपेपरवर चार अक्षरं उमटतात: जी फोर, ए थ्री. चौथ्यांदा दिवस राहिले, तीनदा पडले. वजन होतं, बीपी होतं, लोहाच्या गोळ्यांची पट्टी हातात पडते आणि पुढची बाई बसते. एका बाईच्या वाट्याला इथे जेमतेम तीन-चार मिनिटं येतात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'राखण' हा विषय दिला, तेव्हा हे स्टूल आणि ही चार अक्षरं डोळ्यांसमोर ठेवावीत असं वाटलं. पिकाच्या राखणीला बसणाऱ्याला नुसतं जागं राहून भागत नाही. रानडुक्कर बांधाच्या कुठल्या कोपऱ्यातून शिरतं, हे त्याला ठाऊक असावं लागतं. काही बायकांचे गर्भ ज्या आजारामुळे पुन्हा पुन्हा जातात, त्या अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं, म्हणजे एपीएसचं, तसंच आहे. त्यावरचं औषध जगाला ठाऊक होऊन तीसेक वर्षं होत आली. ते औषध फारसं गुंतागुंतीचंही नाही. तरीही बाळ हातात येतं की नाही, हे पुष्कळदा ठरतं ते डॉक्टरांच्या टेबलाच्या अलीकडे आणि पलीकडे: इतिहास कुणी विचारला, रक्त कसं काढलं, सुई कुणी शिकवली, शेवटचा डोस किती वाजता झाला, घरी गेल्यावर काय झालं. ही सगळी कामं परिचारिकेची आहेत. म्हणून 'काय करायचं' एवढ्यावर न थांबता 'का करायचं' हेही तिला माहीत असायला हवं. आपली व्यवस्था मात्र तिला बहुतेक वेळा पहिलंच शिकवते.

घोणस, बैलाचं काळीज आणि वार

एपीएसमध्ये शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच काही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. पेशींच्या आवरणात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. त्यांना चिकटून राहणारी प्रथिनं हे या प्रतिपिंडांचं लक्ष्य. परिणाम दोन प्रकारचे होतात. एक म्हणजे रक्तात नको तिथे गुठळी होते. पोटरीतल्या शिरेत होते, फुप्फुसात जाते, कधी तिशीतल्या बाईला पक्षाघाताचा झटका येतो. दुसरा परिणाम वारेवर होतो. वार रुजवणाऱ्या पेशींनाच ही प्रतिपिंडं धरतात, तिथे दाह सुरू होतो, वार नीट रुजत नाही, बाळाला पुरेसं रक्त मिळत नाही. मग कुणाचा गर्भ तिसऱ्या महिन्याच्या आत जातो, कुणाचं सहाव्या महिन्यातलं हलणारं बाळ एका सकाळी हलायचं थांबतं, कुणाचं बीपी इतकं चढतं की आठवा महिना लागायच्या आत बाळंतपण करावं लागतं.

या आजाराची ओळख पटायला वेळ लागला, कारण तो प्रयोगशाळेला चकवतो. १९५२ मध्ये कॉन्ली आणि हार्टमन या अमेरिकी डॉक्टरांनी ल्युपस या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात असं काही पाहिलं, की ज्याने नळीतलं रक्त गोठायला उशीर लागत होता. पुढे त्याला 'ल्युपस अँटिकोॲग्युलंट' म्हणजे गोठण रोखणारा पदार्थ असं नाव पडलं. प्रत्यक्षात ज्यांच्या रक्तात तो सापडतो, त्यांच्या शरीरात गुठळ्या होतात. नाव उलटं, वागणं उलटं. गुठळ्या, गर्भपात आणि मेंदूचे विकार हे सारे धागे लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये एकत्र बांधले. हे उलटं नाव आजही वॉर्डात घोटाळा करतं. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत एपीएस असलेल्या बाईचा रक्त गोठण्याचा वेळ लांबलेला दिसतो आणि कुणालाही वाटतं की हिला रक्तस्राव होईल, गुठळी रोखणारं हेपॅरिन थांबवा. फाइलमधला जुना कागद वाचून "सर, ही ल्युपसवाली आहे, हिचं तसंच येतं" असं सांगणारी सिस्टर त्या क्षणी एका बाईला गुठळीपासून वाचवत असते.

दुसरा चकवा आणखी क्रूर आहे. गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, व्हीडीआरएल चाचणीत कार्डिओलिपिन वापरतात. हा स्निग्ध पदार्थ पहिल्यांदा बैलाच्या काळजातून वेगळा काढला गेला. एपीएसमधली प्रतिपिंडं नेमकी त्याच्याशीही जुळतात. त्यामुळे ज्या बाईला गरमी कधीच झाली नाही, तिची चाचणीही सकारात्मक येऊ शकते. जिथे गरोदरपणात अजून ही चाचणी होते, तिथे त्या एका कागदाने नवरा-बायकोत काय होत असेल, ते सांगायला नको. दुसरी, नेमकी चाचणी होईपर्यंत तो कागद घरच्यांसमोर वाचून दाखवायचा नाही आणि आधी गर्भ गेले असतील तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायची, एवढं जरी सिस्टरला माहीत असलं तरी एक संसार उधळायचा वाचतो.

ल्युपस अँटिकोॲग्युलंट शोधायची मुख्य चाचणी तर घोणशीच्या विषावर चालते. घोणस चावल्यावर रक्ताच्या गोठण्यात बिघाड होतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असतं. त्याच विषाचा पातळ केलेला अंश नळीत घालून रक्त किती सेकंदांत गोठतं ते मोजतात. ही चाचणी फार नाजूक आहे. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं आणि त्याच्याशी रक्ताचं प्रमाण नऊला एक असंच असावं लागतं. म्हणजे नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. रक्त कमी घेतलं, नळी जोरात हलवली, नमुना दुपारपर्यंत टेबलावर पडून राहिला किंवा हेपॅरिन सुरू झाल्यानंतर काढला, तर निकालावर विसंबता येत नाही. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी कितीही कुशल हात असोत, पोचलेल्या नळीत जे आहे तेच त्यांना वाचता येणार. आणि ती नळी भरते सिस्टर.

'ए थ्री' म्हणजे नेमकं काय?

एपीएस ठरवण्याचे २००६ साली मांडलेले निकष पाहिले की पहिल्या टेबलावरच्या त्या चार अक्षरांचा तोकडेपणा कळतो. दहा आठवड्यांच्या आत लागोपाठ तीन गर्भपात, ही एक गोष्ट. दहा आठवड्यांनंतर नीट वाढलेलं एकच बाळ पोटात जाणं, ही वेगळी आणि जास्त वजनदार गोष्ट. बीपी किंवा वारेच्या दोषामुळे चौतिसाव्या आठवड्याआधी बाळंतपण, ही तिसरी. त्याच्या जोडीला रक्तातली प्रतिपिंडं, आणि तीही किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा सापडलेली. 'ए थ्री' या नोंदीत यातलं काहीच येत नाही. ते यायचं तर प्रश्न वेगळे विचारावे लागतात: सोनोग्राफीत ठोके दिसले होते का? बाळ हलायला लागलं होतं का? वजन कमी भरलंय असं कुणी म्हणालं होतं का? बीपी चढलं होतं का? कधी एकच पाय सुजून दुखला होता का?

हे प्रश्न विचारायला एमडीची पदवी लागत नाही, पण एकांत लागतो. सासूसमोर सून आधीचा गर्भपात सांगेलच असं नाही. दुसरेपणावर आलेली बाई तर पहिल्या घरातलं बाळंतपणही गिळून टाकते. अनुभवी नर्सबाई वजनाच्या निमित्ताने तिला आतल्या खोलीत नेते आणि काट्यावर उभी करून हळूच विचारते. हे कौशल्य कुठल्याही परीक्षेत नसतं. पण काय विचारायचं हेच माहीत नसेल, तर एवढ्या मायेने मिळवलेला एकांतही वाया जातो. दोन चाचण्यांमधल्या बारा आठवड्यांचंही असंच. संसर्गानंतर ही प्रतिपिंडं काही काळ येऊन जातात, म्हणून दुसरी चाचणी. पण ज्या बाईचा गर्भ गेला आहे ती पोटात काही नसताना पुन्हा दवाखान्यात कशाला येईल? तिची पुढची तारीख वहीत टिपून ठेवून फोन करणारं कुणीतरी लागतं.

पोटातली सुई

उपचार दोन औषधांचा: ॲस्पिरिनची लहान मात्रा, रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम, आणि हेपॅरिनचं इंजेक्शन. हेपॅरिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, हा त्याचा मोठा गुण. ज्या बाईला आधी गुठळी झाली आहे आणि जी वॉरफरिनसारखी गोळी घेत आहे, तिची गोळी मात्र दिवस राहिल्याचं कळताच, शक्यतो सहाव्या आठवड्याच्या आत, डॉक्टरांनी बदलावी लागते. ती गोळी बाळापर्यंत पोचते आणि त्याच्या घडणीत बिघाड करू शकते. पाळी चुकल्याची बातमी सर्वांत आधी आशाताईच्या कानावर येते, हे इथे लक्षात घेण्यासारखं आहे.

हेपॅरिनचा आताचा प्रचलित प्रकार म्हणजे एनोक्सापॅरिन, बहुतेकींना रोज ४० मिलिग्रॅम, आधीच भरलेल्या बारीक सिरिंजमध्ये. सहाव्या आठवड्यापासून अडतिसाव्यापर्यंत रोज एक धरली तर २२४ सुया होतात. बाळंतपणानंतरचे ४२ दिवस मिळवले की २६६. साधं हेपॅरिन स्वस्त पडतं, पण ते दिवसातून दोनदा टोचावं लागतं. इतक्या सुया घ्यायला रोज दवाखान्यात येणं कुणालाच जमणार नाही. बाईने स्वतः टोचायला शिकायचं किंवा घरातल्या कुणीतरी. हे शिकवणं हाच या उपचाराचा गाभा आहे.

ते शिकवणं जवळून पाहावं असं आहे. बाई पलंगावर पाठीला उशी लावून टेकून बसते. बेंबीपासून दोन इंच सोडून, डावी किंवा उजवी बाजू. आज डावी तर उद्या उजवी. कातडीची घडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची आणि सुई पूर्ण आत जाईपर्यंतच नव्हे, तर बाहेर येईपर्यंत ती सोडायची नाही. सुई सरळ उभी, तिरकी नाही. सिरिंजमध्ये हवेचा छोटा बुडबुडा दिसतो. आयुष्यभर इंजेक्शनआधी हवा काढायला शिकलेला हात इथे चुकतो. या भरलेल्या सिरिंजमधला बुडबुडा तसाच ठेवायचा असतो, कारण तो मागून येऊन औषधाचा शेवटचा थेंब आत ढकलतो. आधीच हवा काढायला गेलं तर औषधच सांडतं. आणि टोचून झाल्यावर चोळायचं नाही. चोळलं की त्या जागी काळंनिळं होतं. औषध फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, गोठवायचं तर मुळीच नाही. वापरलेली सुई टोपण न लावता जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकायची आणि डबा भरला की दवाखान्यात परत आणायचा.

यातली प्रत्येक सूचना कागदावर छापून देता येईल. पण आपल्याकडे पोटातल्या सुईला एक जुनी भीती चिकटलेली आहे. कुत्रं चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं, ही गोष्ट दोन-तीन पिढ्यांनी ऐकली, काहींनी सोसली. ती लस बंद झाली, भीती उरली. त्यात गरोदर पोटावर सुई म्हटलं की बाळालाच टोचेल असं वाटतं. पोटावर काळेनिळे डाग दिसले की घरात चर्चा सुरू होते. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणतो, "ही रक्त पातळ करायची गोळी आहे, गरोदर बाईला कोणी दिली?" आणि त्या दिवसापासून दोन्ही औषधं कपाटात जातात. 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढंच ज्या सिस्टरला माहीत आहे, तिच्याकडे या प्रश्नांना उत्तर नसतं. सुई कातडीखालच्या चरबीतच थांबते, बाळ तिच्यापासून कितीतरी खोल असतं, औषध वारेच्या अलीकडेच राहतं, डाग हे औषध चालू असल्याचं साधं चिन्ह आहे, पण हिरड्यांतून किंवा खालून रक्त आलं तर मात्र लगेच यायचं: हे जिला समजलेलं आहे, तीच सासूलाही पटवू शकते.

एवढ्या दुर्मीळ आजारासाठी?

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हा आजार दुर्मीळ. लसीकरण, क्षयरोग, कुटुंबनियोजन, ऑनलाइन नोंदी अशा शंभर कामांखाली दबलेल्या नर्सबाईवर हे एक ओझं आणखी कशाला? आक्षेपातला कष्टाचा भाग पूर्ण खरा आहे आणि रिकामी पदं भरल्याशिवाय नुसती प्रशिक्षणं लादणं हा अन्यायच होईल. पण दुर्मीळपणाचं म्हणणं पुरतं टिकत नाही. सगळ्या गरोदर बायकांत एपीएस थोडा असला, तरी ज्यांचे गर्भ वारंवार जातात त्यांच्यात ही प्रतिपिंडं साधारण पंधरा टक्क्यांत सापडतात. म्हणजे शोधायचं ते सगळ्या रांगेत नाही, रांगेतल्या मोजक्या जणींत. शिवाय यासाठी शिकायचं ते वेगळं काहीच नाही. तपशिलात इतिहास विचारणं, एकाच पायाची सूज ओळखणं, डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी आली तर बीपी पुन्हा मोजणं, बाळाची हालचाल मंदावल्याचं गांभीर्याने घेणं, हे प्रत्येक अतिजोखमीच्या मातेसाठी हवंच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत अशा मातांना वेगळं काढलं जातंच. त्या यादीत 'वारंवार गर्भ जाणं' या नोंदीपुढे दोन ओळी जास्त लिहायच्या आहेत.

दुसरा आक्षेप पुराव्याचा. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या १९९७ च्या प्रसिद्ध चाचणीत एपीएस असलेल्या ९० बायका होत्या. नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के जणींना जिवंत बाळ झालं, हेपॅरिन जोडल्यावर ७१ टक्के जणींना. पण २००२ च्या आणखी एका ब्रिटिश चाचणीत हे आकडे ७२ आणि ७८ आले, म्हणजे फरक जवळजवळ दिसलाच नाही. मग इतकी सुयांची यातायात कशाला, असं कुणी म्हणेल. दोन्ही अभ्यासांत बायका निवडण्याची पद्धत सारखी नव्हती, संख्याही लहान होत्या. सगळे अभ्यास एकत्र पाहिले तर हेपॅरिनचा फायदा दिसतो, पण तो ठासून सांगण्याइतका पक्का नाही. हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. ते मान्य केल्याने परिचारिकेच्या ज्ञानाची गरज वाढतेच. कारण आज दुसऱ्या टोकाची चूकही सर्रास होते: चाचणी न करताच, एक-दोन गर्भ गेले म्हणून हेपॅरिन सुरू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, गुठळी होण्याचा दोष वंशपरंपरेने आलेल्या आणि वारंवार गर्भपात झालेल्या बायकांना या इंजेक्शनाचा काहीच फायदा आढळला नाही. एपीएसमध्ये जे चालतं ते सगळीकडे चालत नाही. विनाकारण महागडी सुई घेणाऱ्या बाईला "तुमची प्रतिपिंडांची तपासणी दोनदा झाली का? डॉक्टरांना विचारा" असं सुचवणं हे परिचारिकेच्या मर्यादेत बसतं. निदान करणं नाही बसत, आणि तसं कुणी म्हणतही नाही.

शेवटची सुई किती वाजता?

लेबर रूममध्ये रात्री दोनला कळा सुरू झालेली बाई येते तेव्हा गडबडीत एक प्रश्न राहून जातो. हेपॅरिनच्या प्रतिबंधक मात्रेनंतर पाठीतली भूल द्यायला किमान बारा तास जावे लागतात, मोठ्या मात्रेनंतर चोवीस. त्याआधी पाठीत सुई गेली तर मणक्यात रक्त साचून मज्जारज्जू दबू शकतो, पाय कायमचे जाऊ शकतात. सिझेरियन करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला सर्वांत आधी हवी असते ती वेळ. कळा देणाऱ्या बाईला ती आठवत नाही, नवरा औषध आणायला पळालेला असतो. म्हणून जाणत्या वॉर्डांत तपासणीच्या कार्डावरच रोजच्या सुईची वेळ लिहिण्याची सवय लावतात आणि बाईला पक्कं सांगतात: पोटात कळ वाटली, पाणी गेलं, की त्या दिवसाची सुई घ्यायची नाही, आधी इकडे यायचं. हे वाक्य सातव्या महिन्यातच सांगून ठेवावं लागतं. बाळंतपण झाल्यावर उलटं होतं. रक्तस्राव आटोक्यात आला की काही तासांत सुई पुन्हा सुरू करायची असते आणि सिस्टरांची पाळी बदलताना नेमकं हेच राहतं. "बाळ झालं, आता काय राहिलं?" असं घरच्यांना वाटतं, कधी वॉर्डालाही वाटतं. प्रत्यक्षात गुठळीचा धोका बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत सर्वांत जास्त असतो.

माहेर आणि सव्वा महिना

आपल्याकडे या राखणीला एक मोठं खिंडार पडतं ते माहेरी जाण्याने. सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते. तालुका बदलतो, कधी जिल्हा. उपकेंद्र नवं, नर्सबाई नवी, आशाताई नवी. मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबातली बाई तर कारखान्याच्या फडावर असते, तिथे सगळंच नवं. सोबत असतं ते फक्त कार्ड. त्यावर कुणी ठळक अक्षरात आजाराचं नाव, औषध, मात्रा आणि वेळ लिहिली असेल तर राखण चालू राहते. नसेल लिहिली तर नव्या ठिकाणी ती पुन्हा 'जी फोर, ए थ्री' होते. एनोक्सापॅरिन केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, पण यादीतलं औषध माहेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेलच असं नाही. निघताना महिनाभराच्या सुया बरोबर द्यायच्या आणि तिकडच्या नर्सबाईला फोन करायचा, हा उपाय कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त चालतो.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे आपल्या सव्वा महिन्याशी जवळजवळ जुळतात. ही गोष्ट उपयोगाची आहे. "सव्वा महिना सुई" असं सांगितलं की वेगळं काही समजवावं लागत नाही. पण त्याच सव्वा महिन्यात बाळंतीण बाजेवर पडून असते, पोट घट्ट बांधलेलं असतं, काही घरांत पाणीही बेताने देतात. पडून राहणं आणि अंगात पाणी कमी असणं, दोन्ही गुठळीला पोषक. शेक-शेगडी, मालिश, डिंकाचे लाडू यातलं काहीच मोडायची गरज नाही. दिवसातून चार वेळा अंगणापर्यंत चाला, तांब्याभर पाणी जवळ ठेवा आणि सुजलेली, दुखरी, गरम पोटरी मात्र चोळून घेऊ नका, एवढंच सांगायचं. मालिश करणाऱ्या बाईलाही तेच सांगायचं, कारण गुठळी असलेली पोटरी तिच्याच हाताखाली येते.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, बाळाचा फॉर्म. शेवटच्या भेटीत पाळणा लांबवण्याचं बोलणं निघतं आणि माला-एनचं पाकीट पुढे केलं जातं, कारण ते पिशवीत असतंच. त्या गोळीत इस्ट्रोजेन आहे आणि एपीएस असलेल्या बाईने ते घ्यायचं नसतं. तिच्यासाठी तांबी हा सुरक्षित मार्ग. त्या दिवशी आशाताईने पाकीट परत पिशवीत ठेवायचं, बाळाला काट्यात ठेवायच्या आधी आईला पाय पसरून बसायला सांगायचं, दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या, उरलेल्या सिरिंज मोजायच्या आणि कार्डाच्या कडेला त्या दिवसाची तारीख घालायची.